तांदळात लिहिलेलं नाव

सातवा महिना लागला तशी रसिका बाळंतपणासाठी डोंबिवलीला आईकडे आली आणि आल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं की मुलगी झाली तर तिचं नाव शीला ठेवायचं.

"आईचं नाव," ती म्हणाली. "माझं ठरलंय."

तिची आई खाली बसून मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. "काहीतरीच," एवढंच ती म्हणाली आणि मेथीचं ताट उचलून गॅलरीत गेली.

या आईचं जन्माचं नाव सगुणा. पण आधार कार्डावर, दारावरच्या पाटीवर, महिला मंडळाच्या ग्रुपवर ती शीला तानाजी मांडवकर होती. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलं, तोही जाऊन वीस वर्षं झाली. सगुणा हे नाव माहीत असलेला माणूस आता घरात एकच होता, तिचा नवरा तानाजी. आणि तो तिला कधी कुठल्याच नावानं हाक मारत नसे. "ऐकलंस का" किंवा "अगं" यावर त्याचा संसार झाला होता. त्याच्या वयाच्या माणसांत यात कोणाला काही वावगं वाटत नाही. सगुणालाही वाटलं नव्हतं.

तिचं लग्न कोपरीच्या चाळीत झालं होतं. तानाजी बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, एवढं मामानं सांगितलं होतं. अक्षता पडल्यावर तांदळाचं ताट पुढं आलं. तानाजीनं बोटातली अंगठी काढून तिच्या टोकानं तांदळात नाव लिहिलं. सासूनं मोठ्यानं वाचलं, "शीला." मागून एक बाई हळूच म्हणाली, "अगं बाई, परत तेच?" कोणीतरी तिला गप्प केलं.

संध्याकाळी सासूनं काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटा टाक सगुणाच्या गळ्यात बांधला. टाकावर बाईची आकृती कोरलेली होती. "ही तुझ्या आधीची," सासू म्हणाली. "शीलाच. रोज हळदकुंकू लावायचं, मग चहा प्यायचा."

म्हणजे मेलेल्या बाईचं घर, मेलेल्या बाईचा नवरा आणि नावही तिचंच. सगुणा तेव्हा बावीस वर्षांची होती. विरोध करायचा असतो हेही तिला माहीत नव्हतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला एक गोष्ट जाणवायला लागली. सासूनं "शीला" अशी हाक मारली की घरात काहीतरी हलायचं. दिसायचं काही नाही. पण सगुणा जागची उठायच्या आधी दुसरं कोणीतरी उठलेलं असायचं. जमिनीवरून पाय उचलल्याचा हलका आवाज, पडद्याची एक झुळूक. सगुणा मग तशीच बसून राही. ज्याची हाक आहे त्याला आधी जाऊ दे, असं तिला वाटे. दुसऱ्यांदा हाक आली की ती ओ देई.

ती सवय चाळीस वर्षं टिकली. सासू गेली, चाळ सुटली, डोंबिवलीला फ्लॅट झाला, तरी शेजारणी शीलाताईंना दोनदा हाक मारत. रसिका लग्नाआधी एकदा तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

रसिकाचा नवरा योंग-हो कोरियाचा. एका कोरियन कंपनीच्या ठाण्यातल्या ऑफिसात तो कामाला होता आणि दोघं माजिवड्याला राहत. रविवारी तो डोंबिवलीला यायचा. मराठी मोडकं, पण हट्टानं बोलायचा. सासूला आई म्हणायचा, वाकून नमस्कार करायचा. पोटातल्या बाळाला तो "खोंगी" म्हणे.

"म्हणजे काय?" सगुणानं एका रविवारी विचारलं.

"छोटा दाणा. राजमासारखा," तो म्हणाला. मग इंग्रजीत रसिकाला काही सांगितलं आणि तिनं आईला समजावलं. "त्यांच्याकडे पोटातल्या बाळाला एक तात्पुरतं नाव देतात. जन्मापर्यंतच. हे हल्लीचंच आहे म्हणे. आधीच्या काळात उलटं असायचं. बाळ जगावं म्हणून त्याला घाण नावं ठेवायचे. याच्या आजोबांना लहानपणी कुत्र्याची शी म्हणायचे."

"शी?" तानाजीनं पेपर खाली ठेवला.

"हो बाबा," योंग-हो गंभीरपणे म्हणाला. "भूत येतो, नाव ऐकतो, म्हणतो, छी, हा नको. जातो."

तानाजी हसला. "आमच्याकडे धोंडू, दगडू, भिकू. माझा एक चुलता केरोबा होता. तीन पोरं गेल्यावर झालेला. जन्मला तसा केरात ठेवून परत उचलला त्याला."

"सेम," योंग-हो म्हणाला.

सगुणाला मात्र हसू आलं नाही. नाव ऐकून भूत येतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

नावावरून रसिका का अडून बसली होती तेही त्या दिवशी कळलं. योंग-होच्या घराण्यात एका पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात एक अक्षर सारखं असतं. त्याच्या पिढीचं योंग, म्हणून तो योंग-हो आणि भाऊ योंग-सु. पुढच्या पिढीचं अक्षर 'जे'. मुलींना ते कधी देत नसत. त्याच्या बहिणीच्या नावात योंग नाही. पण या वेळी त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलं होतं की मुलगी झाली तरी तिच्या नावात 'जे' ठेवा, आता काळ बदलला.

"चांगलंय की," सगुणा म्हणाली.

"चांगलंय, पण मग माझ्याकडचं काय?" रसिका म्हणाली. "आडनाव त्याचं, अक्षर त्याच्या घराण्याचं. माझी अमेरिकन बॉस आहे ना, तिच्या मुलीला तिच्या आईचं नाव आहे. त्यांच्यात मुद्दाम आजीचं नाव ठेवतात. मला आवडलं ते."

योंग-होला हे पटत नव्हतं. "मोठ्या माणसाचं नाव मुलाला नाही द्यायचं," तो म्हणाला. "मी माझ्या वडिलांचं नाव पूर्ण बोलत नाही. एक एक अक्षर वेगळं बोलतो. आईचं पण. तिचं नाव लग्नात बदललं नाही, आडनाव पण नाही. पण कोणी नाव घेत नाही. सगळे म्हणतात, योंग-होची आई."

"बघ," सगुणा घाईनं म्हणाली. "जावईसुद्धा नको म्हणतायत. सोड तो विषय."

"पण तुला का नको, ते सांग ना."

सगुणानं सांगितलं नाही. रसिकाला बाबांची पहिली बायको होती हे ठाऊक होतं, टाक कोणाचा तेही ठाऊक होतं. तिचंही नाव शीला होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते बोलून दाखवायला सगुणाची जीभ वळेना. आई आपल्याला परकं समजते असं वाटून रसिका दोन दिवस गप्प गप्प राहिली.

मुलगी झाली. वजन चांगलं, नाकीडोळी बापावर. बारसं सव्वा महिन्यानं, योंग-होला रजा मिळेल तेव्हा करायचं ठरलं. तोवर योंग-हो फोनवरून खोंगी म्हणायचा आणि रसिका शीलू म्हणायला लागली.

"बारशाआधी नाव घेऊ नये," सगुणा म्हणाली.

"लाडानं म्हणतेय गं."

पहिले काही दिवस गडबडीत गेले. मग सगुणाच्या लक्षात आलं की रसिकानं "शीलू" म्हटलं की बाळ आईकडे बघत नाही. ते दाराकडे बघतं. एवढ्या लहान बाळाला काय कळतं, उजेड येतो तिकडे बघत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण उजेड खिडकीतून यायचा.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात बाळंतिणीसाठी शेपा भाजत होती. तानाजी बँकेत गेलेला. बाळ खोलीत झोपवून रसिका आंघोळीला गेली होती. पाण्याचा आवाज थांबला आणि न्हाणीतून रसिकानं विचारलं, "शीलू, उठलीस का गं?"

खोलीतून कोणीतरी म्हणालं, "ओ."

आवाज बारीक होता, पण स्पष्ट. सगुणानं गॅस बंद केला. फोन वाजत असेल म्हणून ती खोलीत गेली. फोन बाहेर सोफ्यावर होता. बाळ जागं होतं, रडत नव्हतं. त्याची नजर दारावर लागलेली होती, उंबऱ्यापासून कमरेएवढ्या उंचीवर. मग ती नजर हळूहळू सरकत पाळण्याजवळ आली आणि तिथं थांबली. आणि बाळ हसलं.

सगुणानं त्याला उचलून छातीशी धरलं. टाक तिच्या गळ्यात होता, तो बाळाच्या गालाला लागला तसा तिनं झटकन मागं टाकला. ती मनात म्हणाली, माझा संसार घेतलास तरी चालेल, तुझाच होता तो. हिला नको.

दुसऱ्या दिवशी देवळात जाते असं सांगून ती कोपरीला गेली.

चाळीच्या जागी आता सात मजली इमारत होती आणि मीराबाईंना तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती. मीराबाई सासूच्या वेळच्या शेजारीण. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण बोलणं तसंच ठणठणीत. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि सगुणाचा चेहरा बघून विचारलं, "काय झालं गं?"

"मावशी, ती कशी होती? माझ्या आधीची?"

"आज कुठं आठवली?"

"तिचं नाव नातीला ठेवायचं म्हणतायत. शीला."

मीराबाईंनी मान हलवली. "शीला कुठलं तिचं नाव? तुझ्यासारखंच, तांदळात लिहिलेलं. माहेरचं वेगळं होतं. गाण्यातलं काहीतरी. आता नाही आठवत."

सगुणाला पटकन कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे काय? लग्नात तुझ्या सासूनं तिचं शीला केलं. तुझं केलं तसंच. तिलाही दोनदा हाक मारावी लागायची बघ. नळावर मी ओरडायची, शीले, बादली भरली. तर ही आपली मागं वळून बघतेय. एकदा मी म्हटलं, बहिरी हायस का गं? तर म्हणली, मीराबाई, पहिल्या हाकेला दुसरंच कोणीतरी उठतं असं वाटतं मला."

चहा आला. सगुणानं बशी खाली ठेवली.

"मग शीला कोण?" तिनं विचारलं.

"तुझी नणंद," मीराबाई म्हणाल्या. "तानाजीची मोठी बहीण. लहानपणीच गेली. तुला कोणी सांगितलं नाही?"

घरी येईपर्यंत ऊन कललं होतं. रसिका बाळाला पाजत होती. तानाजी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होता. सगुणा तिथं गेली आणि मागून दार लोटून घेतलं.

"तुमची बहीण कशी गेली?"

तानाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"कोणी सांगितलं?"

"मीराबाईंनी. चाळीस वर्षांत तुम्ही नाही सांगितलंत."

तो कठड्याला टेकला. मग बोलायला लागला तेव्हा आवाज अगदी हळू होता. "कोपरीच्या मागं मिठागरं होती तेव्हा. त्याच्या पुढं खाडी. ती मला घेऊन खेकडे बघायला जायची. मी सहाचा, ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. एक दिवस मला ताप होता, म्हणून एकटीच गेली. भरती आली. आली नाही परत. लोकांनी पुष्कळ शोधलं. सापडली नाही."

"सापडलीच नाही?"

"नाही. म्हणून आईनं काही करू दिलं नाही. दहावं नाही, काही नाही. रोज दिवेलागणीला दारात उभी राहून हाक मारायची. 'शीले, घरी ये.' मी शाळेतून आलो की माझी वाट बघत नसायची, तिची बघायची. बाबा रागवायचे, चाळीतले समजवायचे. वर्षानुवर्षं चाललं ते. मग माझं लग्न ठरलं. आदल्या दिवशी आई म्हणाली, नाव शीला लिही. मी म्हटलं, आई, ते बहिणीचं नाव. तर म्हणाली, मला या घरात तिला हाक मारायचीय, आणि आतून ओ ऐकायचीय. एवढं कर."

"आणि तुम्ही केलंत."

"आईच्या तोंडावर त्या दिवशी हसू होतं. मी कधी बघितलंच नव्हतं ते. मग पहिली बिचारी बाळंतपणात गेली. आई परत दारात उभी राहायला लागली. मग तू आलीस."

सगुणाला आता एक गोष्ट उलगडत होती. "म्हणून तुम्ही मला कधी हाक मारली नाहीत."

"कशी मारणार? बायकोला बहिणीच्या नावानं?" तो म्हणाला. "पहिलीलाही मारली नाही. आसावरी नाव होतं तिचं. तेही तोंडातून काढायची चोरी."

सगुणाला त्याचा राग यायला हवा होता आणि तो येतही होता. पण त्याच्याआड तापानं फणफणलेला, बहिणीची वाट बघणारा पोरगा तिला दिसत होता. तिनं तांब्या त्याच्या हातातून घेतला आणि आत गेली.

आसावरीचा धाकटा भाऊ जगन कल्याणला राहत होता. पारनाक्याजवळ त्याचं सायकलचं दुकान होतं, एवढं तानाजीला माहीत होतं. आसावरीच्या मरणानंतर त्यांच्या घरी मांडवकरांपैकी कोणी पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी योंग-हो रसिकाजवळ होता, म्हणून सगुणा आणि तानाजी रिक्षा करून कल्याणला गेले. दुकान अजून होतं. आता तिथं ई-बाईक दुरुस्त होत होत्या आणि मागच्या खोलीत जगन खाटेवर बसला होता. तानाजीला त्यानं ओळखलं, पण बस म्हणाला नाही.

"चाळीस वर्षांनी," तो म्हणाला.

"हो," तानाजी म्हणाला.

सगुणानं गळ्यातला टाक काढून तळहातावर धरला. "मी यांची दुसरी," ती म्हणाली. "ही आसावरीताई. रोज हळदकुंकू लावलंय मी, एक दिवस चुकवला नाही."

जगननं टाकाकडे पाहिलं. "कुठलं नाव घेऊन लावायचीस?"

"शीला," सगुणा म्हणाली.

"मग ते तिला कुठून पोचणार?" जगन म्हणाला. त्यात राग नव्हता, थकवा होता. "आमचे वडील भजनात पेटी वाजवायचे. सकाळी सकाळी तो राग वाजवत असताना ही जन्मली, म्हणून आसावरी. लग्नानंतर पहिल्या सणाला आली तेव्हा वडिलांनी दारातून हाक मारली, आसा. ती अशी रडली. वडिलांना म्हणाली, दादा, मला इथंच ठेवून घ्या, रोज कोणीतरी नुसती हाक मारायला."

बाहेर कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"तिला ठेवून घ्याल?" सगुणानं विचारलं. "तुमच्या देवात. तिच्या नावानं."

जगननं हात पुढं केला. टाक त्यानं मुठीत घेतला आणि मूठ कपाळाला लावली. मग आत वळून सुनेला म्हणाला, "पाहुण्यांना पाणी दे."

परत येताना रिक्षात सगुणाचा हात सारखा गळ्याशी जात होता. गळा हलका लागत होता. पण घर जवळ यायला लागलं तसं तिच्या मनात आलं, आसावरी माहेरी गेली. ती कधी आपल्या घरात नव्हतीच बहुतेक. खोलीतून ओ दिली ती तिनं नाही.

संध्याकाळी तिनं रसिकाला आणि योंग-होला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तांदळाचं ताट, टाक, मीराबाई, खाडी. त्या दुपारी खोलीतून ऐकलेली ओ तेवढी सांगितली नाही. बाळंतिणीला घाबरवायचं नव्हतं.

रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आधी आला तो राग. "मी शाळेपासून फॉर्मवर आईचं नाव लिहितेय. शीला. एवढी वर्षं मी कोणाचं नाव लिहीत होते?" ती बापाकडे वळली. "आणि बाबा, मी तिचं नाव बाळाला ठेवणार म्हटलं, तरी तुम्ही पेपर वाचत बसलात?"

तानाजी म्हणाला, "मला वाटलं, परत एकदा घरात..." आणि त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

त्या न संपलेल्या वाक्यावरून सगुणाला कळून चुकलं. सासू गेली तरी दारात उभं राहून वाट बघणारं माणूस या घरात अजून होतं.

योंग-होला रसिका मधे मधे सांगत होती ते त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो उठला, सगुणासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "आई, तुमचं नाव काय?"

"सगुणा."

त्यानं ते परत म्हणून पाहिलं नाही. फक्त मान लववली.

"मग सगुणाच ठेवू या," रसिका म्हणाली. "तेच तर मला हवंय, तुझ्याकडचं काहीतरी."

"नको," सगुणा म्हणाली. "ते मला अजून वापरायचंय."

बारशाला जगन सुनेबरोबर आला. मीराबाईंना मुलानं गाडीनं आणलं. योंग-होचे आईवडील फोनच्या पडद्यावर होते. नाव ठरलं होतं. कोरियनमध्ये जे-ई आणि मराठीत जाई. म्हातारा तिकडून समाधानानं मान डोलवत होता. सगुणानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "जाई" म्हटलं आणि बाळानं तिच्याकडे पाहिलं. सरळ तिच्याकडे.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा तिनं एक ताट वेगळं वाढलं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, लहान मुलीला पुरेल एवढंच. ते तिनं आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. कोणासाठी, ते तिला कोणी विचारलं नाही. फक्त तानाजी जेवता जेवता थांबला आणि पाटावरून उठून गेला.

महिन्याभरानं रसिका बाळाला घेऊन माजिवड्याला गेली. घर एकदम मोठं झालं. तानाजी आता बायकोला नावानं हाक मारतो. आधी अडखळायचा, आता सवय होतेय. सोसायटीतल्या बायका शीलाताईच म्हणतात, त्याला सगुणाची हरकत नाही.

पण तानाजीला आता बोलायला विषय मिळालाय. संध्याकाळी चहा घेताना तो बहिणीबद्दल सांगतो. तिला चिंचा आवडायच्या. सागरगोट्यांत ती कोणाला हार जायची नाही. खेकडा पकडला की त्याच्या नांग्या मोजून सोडून द्यायची. सगुणा ऐकते. कधीकधी तिला वाटतं, तिसरंही कोणी ऐकतंय. सोफ्याची एक कड जरा दबलेली असते. ती तिकडे बघायचं टाळते, पण घाबरत नाही. पोरीला दुसरीकडे जायला घरच कुठं आहे?

परवा तानाजी म्हणाला, "सगुणा, आज असती तर किती वर्षांची असती गं ती?"

"तुमच्याहून मोठी ना?" सगुणा म्हणाली. "सत्तरी ओलांडली असती की."

तानाजी हसला. बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत त्यानं मान हलवली.

"छे," तो म्हणाला. "आठचीच आहे."